ट्रेंड आला की शेवटचा माणूस पण त्यात का उतरतो? (मराठवाड्यापुरतं बोलू)

मोंढ्यातला_मास्तर
सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलच्या जेमिनी या एआयवर शिफॉन साडीतले जुन्या सिनेमासारखे फोटो बनवायची लाट आली. आमच्या स्टाफरूममध्ये सोमवारी एका मॅडमचा डीपी बदलला, शनिवारपर्यंत निम्म्या स्टाफचा. त्याच वर्षी मार्चमध्ये घिबली झालं होतं, म्हणजे एआयकडून आपला फोटो जपानी कार्टूनसारखा करून घ्यायचा. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये 'दहा वर्षांपूर्वीचा मी अन् आत्ताचा मी', त्याच वर्षी म्हातारपणीचा चेहरा दाखवणारं ॲप, सप्टेंबर २०२० मध्ये जोडीचे फोटो टाकायचं कपल चॅलेंज. त्या वेळी पुणे पोलिसांनी फोटो टाकण्याआधी विचार करा असं बजावलं होतं, तरी लोक थांबले नाहीत.

'लोकं येडी झालीत' हे उत्तर कृपया देऊ नका. आमच्या स्टाफमध्ये गणित घेऊन एम.एस्सी. झालेली माणसं आहेत. मला पहिल्या माणसाचं कळतं, त्याला हौस असते. मधल्यांचंही कळतं, मजा दिसते म्हणून घेतात. पण शेवटचा? त्याला पक्कं ठाऊक असतं की हे आता शिळं झालंय, लोक हसतील. तरी तो टाकतो. कामून?

मुंबई-पुण्याच्या लोकांचं पुष्कळ वाचायला मिळतं. आपल्याकडचं सांगा.

तिखट_ठेचा
काम नाही म्हणून. विषय संपला, धागा बंद करा.

जालन्याची_मोसंबी
ठेचा भाऊ, सोयाबीनच्या काढणीत पण टाकायलेत लोक. मळणीयंत्राच्या धुराळ्यात उभं राहून, तोंडाला रुमाल बांधून, मागं गाणं लावून. काम नसताना टाकलं असतं तर मास्तरांना प्रश्नच पडला नसता.

तिखट_ठेचा
ते काम नव्हं, ते शूटिंग. काम तर मागं बाया करायल्यात, नीट बघा रील.

पारावरचा
मास्तर, तुमच्यासारख्या तरुणांना वाटतं हे सगळं मोबाईलमुळं आलं. २१ सप्टेंबर १९९५ आठवतो का कुणाला? गणपती दूध प्यायला तो दिवस. त्या दिवशी मी बीडमध्ये होतो. गावात फोन मोजके, एसटीडी बूथवर रांग. सकाळी दिल्लीकडं सुरू झालं अन् दुपारपर्यंत आमच्या गल्लीतल्या मारुतीपुढं बाया वाटी-चमचा घेऊन उभ्या. मारुतीपुढं म्हणतोय मी, गणपती तर लांबच! नंदीलाही पाजलं लोकांनी.

चमचा सोंडेला जरा तिरका लावला की दूध पृष्ठताणामुळं ओढलं जातं अन् मूर्तीवरून पातळ थरानं खाली उतरतं. शास्त्रज्ञांनी त्याच दिवशी दुधात रंग घालून दाखवलं होतं, ओघळ स्पष्ट दिसला. आमच्या गल्लीतले विज्ञानाचे सर हे सगळं जाणून होते. संध्याकाळी ते पण वाटी घेऊन आले. मी विचारलं तर म्हणाले, "घरी विचारायलेत, तुम्ही गेलात का नाही म्हणून."

तुमचा शेवटचा माणूस तोच.

मोंढ्यातला_मास्तर
काका, हे लई नेमकं सांगितलंत. सरांचा विश्वास नव्हता, कुतूहल पण नव्हतं. मग काय होतं, तेच शोधायचंय.

नांदेडकर_हिंजवडीत
मी याच धंद्यात आहे, म्हणून जरा रुक्ष लिहितो. मन वगैरे नंतर, आधी यंत्र बघा.

फेसबुकवर लाईकचं बटण आलं ९ फेब्रुवारी २००९ ला. तोवर कुणाला काय आवडलं याचा आकडा समोर टांगलेला नव्हता. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं आणि जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील आणलं. रीलमध्ये ऑडिओवर बोट ठेवलं की त्याच गाण्यावरचे सगळे व्हिडिओ दिसतात आणि खाली 'हाच ऑडिओ वापरा' असं बटण. म्हणजे नक्कल करायला लागणारी मेहनत जवळपास शून्य केली. वर बाण दाखवून सांगतात की हे गाणं सध्या चढतंय. मग पोरं तेच गाणं उचलणार. यात मराठवाडा काय अन् मँचेस्टर काय!

अजून एक. २००६ मध्ये अमेरिकेत सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी १४ हजारांवर लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांनी किती डाउनलोड केलं ते दाखवलं, काहींना नाही. आकडा दिसला की चालणारी गाणी फारच पुढं गेली, आणि वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर आली. अगदी टाकाऊ गाणं सहसा वर आलं नाही, अगदी उत्तम सहसा बुडालं नाही, पण मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या काही लोकांनी ठरवलं. ट्रेंडमध्ये 'काय आहे' याला फार अर्थ नसतो तो यामुळं.

नणंद_नंबर_एक
नांदेडकर दादा, तुमचं सगळं खरं, पण आमच्या अंबाजोगाईत निम्म्या बायकांचं इन्स्टाग्रामच नाही. सगळा कारभार व्हॉट्सॲप स्टेटसवर. तिथं कुठला बाण? तिथं कोण पुढं ढकलतं?

स्टेटसला खाली डोळ्याची खूण असते. ती दाबली की नावांची यादी येते, कोणी किती वाजता पाहिलं. माझ्या थोरल्या जाऊबाई रोज रात्री भांडी झाल्यावर ओटा पुसून ती यादी वाचतात. मोठ्यानं. "मंदानं पाहिलं, काही बोलली नाही. लातूरच्या आत्यानं अजून पाहिलंच नाही." जगानं पाहावं असं त्यांना काही नाही. त्यांना चाळीस माणसं ठाऊक आहेत अन् त्या चाळिसांचा हिशोब पाहिजे.

मला तर हे आहेराच्या वहीसारखं वाटतं. लग्नात कुणी किती घातलं ते लिहून ठेवतात, अन् त्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढतात. तसंच, तिनं माझ्या हळदीकुंकवाच्या फोटोला बदाम टाकला होता, आता तिनं साडीचा फोटो टाकलाय, मी नुसतं बदाम टाकून चालेल का? मी पण साडीचा टाकते, म्हणजे ती माझ्याला टाकंल. न टाकलं तर ते 'नाही टाकलं' म्हणून दिसतं. मास्तर, तुमच्या शेवटच्या माणसाला हसण्याची भीती नाही हो. त्याला यादीत नसण्याची भीती आहे.

मूगभजी
"मंदानं पाहिलं, काही बोलली नाही." 😂😂 आमच्या घरी हेच, फक्त मंदाच्या जागी सुनंदा.

तिखट_ठेचा
बदामाची परतफेड बदामानं. उद्या सोसायटीवाले व्याज लावतील.

मानस_तृतीय_वर्ष
मी संभाजीनगरला मानसशास्त्र शिकते. नणंदताईंनी जे सांगितलं त्याला आमच्याकडं मान्यतेसाठीचं अनुसरण म्हणतात. डॉइच आणि जेरार्ड यांनी १९५५ मध्ये दोन प्रकार वेगळे केले. एकात आपल्याला खरं काय ते माहीत नसतं, म्हणून चार जण करतात ते बरोबर असणार असं धरतो. नवीन गावात ज्या हॉटेलासमोर गर्दी तिथंच जेवतो, तसलं. दुसऱ्यात आपल्याला खरं माहीत असतं, तरी वेगळं पडायचं नसतं. पारावरच्या काकांच्या गल्लीतल्या बाया बऱ्याचशा पहिल्या प्रकारात, विज्ञानाचे सर दुसऱ्यात.

सॉलोमन ॲशचा १९५१ चा प्रयोग ऐकला असेल. तीन रेघांपैकी कोणती समोरच्या रेघेएवढी, एवढंच सांगायचं. शेंबडं पोरगं पण सांगेल. पण आधीचे सगळे, जे ॲशचेच लोक होते, ठरवून चूक उत्तर देतात. साधारण तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी चूक उत्तराला मान डोलावली.

पहिल्या माणसाबद्दल मिलग्रॅमचा १९६९ चा प्रयोग मजेशीर आहे. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर एकच माणूस वर इमारतीकडं बघत उभा केला, तर जाणाऱ्यांपैकी शंभरात चारच थांबले. पंधरा जण उभे केले तर चाळीस थांबले. वर काहीच नव्हतं.

जिंतूर_रोड
मला ॲशच्या प्रयोगाचा नेहमीचा अर्थ पटत नाही. सगळे सांगतात की माणूस मेंढरू आहे. पण आकडे उलटे वाचा ना. एकूण उत्तरांपैकी दोन तृतीयांश उत्तरं लोकांनी बरोबरच दिली, सगळी खोली विरोधात असताना! साधारण पाव लोक एकदाही वाकले नाहीत. आणि त्या खोलीत एकच माणूस जरी खरं बोलणारा ठेवला तरी वाकणाऱ्यांचं प्रमाण धाडकन खाली आलं.

माझ्या भावकीच्या ग्रुपात साडी-घिबली काहीच चाललं नाही. कारण एका चुलत भावानं पहिल्याच फोटोखाली लिहिलं, "मीटरचं रीडिंग टाका आधी, बोअरचं बिल वाटून घ्यायचंय." सगळे हसले, लाट तिथंच आटली.

मानस_तृतीय_वर्ष
मान्य. आमच्या सरांनी पण शेवटच्या पाच मिनिटांत हेच सांगितलं होतं, तोवर निम्मा वर्ग उठलेला.

परभणी_कृषी
तुम्ही सगळे फोटोवर अडकलात. ट्रेंड शेतात बघा, तिथं पैसा जातो.

कृषी विस्ताराच्या पहिल्याच तासाला आम्हाला शिकवलं ते अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मक्याचं. रायन आणि ग्रॉस या दोघांनी १९४३ मध्ये २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास छापला. संकरित मक्याचं बियाणं चांगलं होतं, उत्पन्न जास्त, तरी सगळ्यांकडं पोचायला १९२८ ते १९४१ एवढा काळ गेला. बियाण्याची खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून लागली, पण घ्यायचं नक्की केलं ते शेजाऱ्याचं शेत बघून. आधी एकदोन जण, मग एकदम झुंबड, मग रेंगाळणारे.

आता आपल्याकडं बघा. इमू झालं, कडकनाथ कोंबडी झाली, शेवगा, शतावरी, ड्रॅगन फ्रूट. फरक काय? आयोवात शेजाऱ्याचं शेत बांधावरून रोज दिसायचं. वाळलेलं पण दिसायचं, पिवळं पडलेलं पण दिसायचं. यूट्यूबवर सांगोल्याचा किंवा गुजरातचा प्लॉट दिसतो, तो पण फळं लागल्यावरचा. सिमेंटचे खांब, रिंगा, ठिबक, रोपं धरून एकरी काही लाख जातात ते बोलतात घाईघाईत. अन् खांब उपटायची वेळ आली त्याचा व्हिडिओ कोणीच काढत नाही. आमच्या तालुक्यात एकानं त्या खांबांवर आता तारेचं कुंपण केलंय. मजबूत आहे म्हणतो.

शेतातल्या ट्रेंडमध्ये शेवटचा माणूस सगळ्यात जास्त बुडतो, कारण तो येतो तोवर भाव पडलेला असतो. फोटोत निदान तेवढं नाही.

जालन्याची_मोसंबी
दादा, ड्रॅगन फ्रूटला पांढरे डाग पडायलेत सालीवर, काय मारू?

परभणी_कृषी
फोटो पाठवा, पण उन्हानं भाजलेलं असेल तर औषध नको, सावलीची जाळी लागते. नुसतं ऐकून फवारू नका.

तिखट_ठेचा
ट्रेंडच्या धाग्यावर ड्रॅगनचं औषध. चालू द्या.

नाव_नको_२२
मी पहिल्यांदा लिहितेय. मास्तर, तुमच्या यादीतला साडीचा ट्रेंड मी केला. आमच्याकडं मुलीनं स्वतःचा फोटो डीपीला ठेवलेला चालत नाही. फूल, देव, नाहीतर लहान भाचा. कॉलेजात पण माझा डीपी गुलाबाचा होता. तो एआयचा फोटो मी ठेवला तेव्हा दादा म्हणाला, "हा कुणाचा?" मी म्हणाले, "कॉम्प्युटरनं बनवलाय, माझ्यासारखा." तो बघत राहिला अन् काही बोलला नाही. त्या फोटोत नाक माझं नाही, हनुवटी माझी नाही, पण डोळे माझेच आहेत. अन् सगळेच ठेवायलेत म्हटल्यावर घरातले पण 'आजकाल असं चालतं' म्हणाले. एकटीनं ठेवला असता तर बोलणी खाल्ली असती.

त्यामुळं गर्दीत शिरणं म्हणजे दरवेळी मागं मागं जाणं असतं असं मला वाटत नाही. कधी कधी गर्दीमुळंच बाहेर पडता येतं.

नणंद_नंबर_एक
बाई गं, किती नीट सांगितलंस. गुलाबाचा डीपी माझा पण होता, लग्नानंतर सुद्धा कितीतरी दिवस.

नांदेडकर_हिंजवडीत
हे माझ्या हिशोबात नव्हतं. यंत्रानं रस्ता सोपा केला एवढं मी सांगू शकतो, लोक त्यावरून कुठं जातात ते नाही. (फक्त एक, ताई: असल्या ॲपला घरातल्या लहान मुलांचे फोटो देऊ नका.)

लातूर_स्टेशन
ऑगस्ट २०१४ चं बर्फाच्या बादलीचं चॅलेंज आठवा. डोक्यावर बर्फाचं पाणी ओतायचं नाहीतर एएलएस या आजारासाठी पैसे द्यायचे, अन् पुढच्या तिघांची नावं घ्यायची. चोवीस तासांची मुदत. अमेरिकेतल्या एकाच संस्थेला ११.५ कोटी डॉलर मिळाले. यातली ग्यानबाची मेख नाव घेण्यात आहे. सगळ्यांना म्हणून सांगितलेलं काम कुणाचंच नसतं, पण चारचौघांत तुमचंच नाव घेतलं की सुटका नाही. नणंदताईंची वहीच ती, फक्त जाहीर वाचलेली.

आपल्याकडं पाण्याची बादली ओतणं जमणारं नव्हतं. हैदराबादेत त्याच महिन्यात तांदळाची बादली निघाली, गरजूला बादलीभर तांदूळ द्या म्हणून. दोन वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत बादली चॅलेंजचा अर्थ वेगळा होता. टँकर आला की चौथ्या मजल्यावरून कोण आधी खाली पोचतं!

मूगभजी
आम्ही ते चॅलेंज रोज हरायचो. पहिल्या मजल्यावरचे कायम पुढं.

जिंतूर_रोड
हसण्यावारी नेऊ नका म्हणून एक गंभीर लिहितो. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकरी माणसं जमावानं मारली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची. मुलं पळवणारी टोळी आलीय असे व्हॉट्सॲप मेसेज कितीतरी दिवस फिरत होते. आपल्याकडं पण प्रत्येक ग्रुपात होते. पुढं ढकलणाऱ्याला वाटत होतं की तो काळजीपोटी करतोय, अन् न ढकललं तर "तुला लेकरं नाहीत का" असं ऐकावं लागत होतं. त्या महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली.

साडीचा फोटो अन् तो मेसेज एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण बोट हलतं ते दोन्हीकडं त्याच कारणानं. आपण यादीत नसू, ही भीती.

पारावरचा
बरोबर. दूध वाया गेलं तर चमचाभर जातं.

धाराशिवची_पोर
मास्तरांनी लिहिलेल्या त्याच सप्टेंबरात आमच्याकडं सीना फुटली. परंडा, भूम भागात घरात पाणी, जनावरं वाहून गेली, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. पंधरवड्याच्या सुरुवातीला स्टेटसला साड्या होत्या, शेवटी पुराचे व्हिडिओ. त्याच लोकांचे, त्याच फोनवरून. मग कुणी चुकून साडी ठेवलेली दिसली की "लाज वाटते का" असे मेसेज जायला लागले. काहींनी लगेच काढली. मी पण एकीला तसा मेसेज केला, अन् मला आजही तो चूक वाटत नाही.

मदतीचं पण तसंच झालं. एका मंडळानं किराण्याचे किट नेतानाचा फोटो टाकला, दुसऱ्या दिवशी शेजारच्या मंडळानं टेम्पो भरला. फोटोसाठी केलं असेल, पण तांदूळ खरा होता. आम्ही खाल्ला.

तिखट_ठेचा
इथं मी काही बोलत नाही.

दहावी_ब
सगळ्या काका-मावशींना नमस्कार. तुम्ही ट्रेंड सुरू कसा होतो ते सांगायलाव, आमच्यात तो संपतो कसा ते सांगू का? माझ्या काकांनी स्टेटसला ते 'ओळखा पाहू' वालं टाकलं त्या दिवशी आमच्या अख्ख्या वर्गानं काढून टाकलं. मोठ्यांनी केलं की ते ट्रेंड राहत नाही. मग आम्ही नवीन बघतो. खरं मजेचं तर इन्स्टावर 'क्लोज फ्रेंड्स'मध्ये टाकतो, तिथं पंधरा-वीसच जण. बाहेर जे दिसतं ते घरच्यांसाठी असतं.

मानस_तृतीय_वर्ष
हे पोरगं मार्क घेणार. जर्मन विचारवंत झिमेल यांनी १९०४ मध्ये फॅशनबद्दल हेच मांडलं होतं. वरचे लोक वेगळं दिसायला काहीतरी करतात, खालचे त्यांची नक्कल करतात, मग वरचे ते टाकून पुढं जातात. आपल्याकडं फक्त वय उलटं झालंय, पोरं पुढं अन् मोठे मागं.

मोंढ्यातला_मास्तर
म्हणजे माझा शेवटचा माणूस ट्रेंडच्या शेवटी येत नाही, तो आला की ट्रेंड संपतो. आमच्या स्टाफरूममध्ये उरलेले दोघं मुख्याध्यापक अन् मी. मुख्याध्यापकांनी गेल्या आठवड्यात ठेवला. बाईंनी मला कालच विचारलं, "सर, तुमचाच राहिला." आवाजात काही खोच नव्हती, नुसती चौकशी होती. तेवढ्यानं पण मला उत्तर द्यावं लागलंच.

नणंद_नंबर_एक
काय उत्तर दिलंत ते लिहा की!

मोंढ्यातला_मास्तर
"बनवायला टाकलाय, येईल."

पारावरचा
आमच्या विज्ञानाच्या सरांचे विद्यार्थी शोभता.

तिखट_ठेचा
दहावी_ब, ते क्लोज फ्रेंड्स कुठं असतं रे सेटिंगमध्ये? मला सासरवाडीपासून जरा वेगळं ठेवायचंय.

दहावी_ब
प्रोफाइलवर वर उजवीकडं तीन रेघा, त्यात सापडतं. पण काका, हिरवा गोल फक्त यादीतल्यांना दिसतो, अन् सासरवाडीतल्या एकाला जरी घेतलं तर स्क्रीनशॉट सगळ्यांकडं जातो.